चूक कॅप्टनची, रात्र कोणाची?

विमान अपघाताचा चौकशी-अहवाल शे-दीडशे पानांचा असतो. वर्तमानपत्रात त्यातली एक ओळ येते, आणि ती बहुतेकदा ठरलेली असते: वैमानिकाची चूक. त्या ओळीने सगळ्यांचीच सोय होते. विमान बनवणारा सुटतो, कंपनी सुटते, नियामक सुटतो. प्रवाशालाही हायसे वाटते, कारण चुकणारा माणूस गेला आणि पुढच्या विमानात दुसरा आहे. मेलेला वैमानिक खुलासा देऊ शकत नाही, ही त्यातली आणखी एक सोय.

अलीकडे या ओळीला जोड मिळाली आहे. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि चर्चेचा सूर बघता बघता ठरून गेला: वैमानिकांना जास्त विश्रांती दिली म्हणून लोकांची लग्ने आणि परीक्षा चुकल्या. थकवा हे संघटनांचे हत्यार आहे, असे शिकलीसवरली माणसे बोलू लागली. एरवी विमानांविषयी नेमके बोलणारी माणसेही त्यांत होती, म्हणून हा प्रपंच.

खंडनाआधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडायचा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो मोडण्याचे कारण नाही.

पूर्वपक्ष असा. व्यावसायिक विमानप्रवास आज माणसाने शोधलेल्या सर्वांत सुरक्षित प्रवासांपैकी एक आहे. जगात वर्षाला कोट्यवधी उड्डाणे होतात आणि जीवघेणे अपघात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. थकवा खरोखर इतका घातक असता, तर विमाने रोज पडली असती. दुसरे, वैमानिकाच्या कामाला कायद्याची मर्यादा आहे. भारतात वर्षाला १,००० तासांहून जास्त उड्डाण करता येत नाही. बँकेतला कारकून त्याच्या दुप्पट तास खुर्चीत असतो आणि कोणी त्याच्या थकव्याची चौकशी करत नाही. तिसरे, आधुनिक विमान बहुतांश वेळ ऑटोपायलटवर असते. चौथे, वैमानिकाला भरपूर पगार मिळतो. नीट झोपून कामावर येणे ही त्याची व्यावसायिक जबाबदारी आहे. आणि शेवटचे, नियम जितके कडक तितके वैमानिक जास्त लागतात, तिकीट महागते, आणि मिळणारी सुरक्षितता कागदावरच राहते.

यातला एकही मुद्दा मूर्खपणाचा नाही. पाचही मुद्दे अपुरे आहेत, आणि त्यांतले तीन तर पुराव्यापुढे उलटतात. न्यायाधीश वाचकच आहे; त्याच्यापुढे पहिला साक्षीदार उभा करतो.

२२ मे २०१०. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे उड्डाण ८१२ सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपल्यावर दरीत कोसळले. विमानात १६६ जण होते. १५८ गेले, ८ वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते वायुदलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालाने प्रत्यक्ष कारण निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले: विमान योग्य उंचीवर आणि वेगात नसताना कॅप्टनने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर घ्या, असे सांगितले. यंत्राचे धोक्याचे इशारे वाजत होते. कॅप्टन उतरतच राहिला. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीपैकी ५,२०० फूट मागे गेल्यावर चाके टेकली. इतकेच नव्हे, ब्रेक लावल्यानंतर त्याने पुन्हा उड्डाण घेण्याचा प्रयत्न केला, जो अशा क्षणी कोणत्याही पुस्तकात बसत नाही.

पूर्वपक्ष इथे थांबतो. गुन्हा सिद्ध, आरोपी मयत.

अहवाल मात्र थांबत नाही. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रकावर शेवटचे सुमारे दोन तास पाच मिनिटे टिपली गेली होती. त्यातल्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टनचे बोलणे नाही. आहे तो घोरण्याचा आवाज. जाग आली ती उतरण्याच्या तयारीच्या तोंडावर. मंगळूरचे रडार त्या दिवशी बंद होते, म्हणून खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा विमानतळाच्या बरीच जवळ आल्यावर मिळाली, आणि विमान जितके खाली असायला हवे होते त्याहून फार वर राहिले. गाढ झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसापुढे नेमका असा प्रसंग आला, ज्यात मिनिटभरात निर्णय फिरवायचा होता. झोपेनंतरचा जडपणा आणि पहाटेची वेळ, जेव्हा शरीराची सावधानता तळाला असते, या दोन्हींनी निर्णयशक्तीवर परिणाम केला असावा, असे अहवालाने सहायक कारण म्हणून नोंदवले आहे. सहवैमानिकाने स्वतः ताबा का घेतला नाही, याचेही उत्तर अहवालात आहे: कंपनीच्या सूचनांमध्ये त्याबद्दल संदिग्धता होती.

आता प्रश्न असा. हा कॅप्टन १०,००० हून अधिक तास उडालेला होता. मंगळूर त्याला नवखे नव्हते. असा माणूस शेजाऱ्याचे तीन वेळा सांगणे आणि यंत्राचा कंठशोष ऐकूनही का ऐकत नाही? ‘त्याची चूक झाली’ हे या प्रश्नाचे उत्तर नाही. तो प्रश्नच पुन्हा एकदा विचारणे आहे. झोपेतून उठल्यावर हातपाय लगेच हलू लागतात, बोलणेही जमते, पण चालू बेत मोडून दुसरा बेत धरण्याची बुद्धी सर्वांत शेवटी जागी होते. मंगळूरच्या त्या शेवटच्या मिनिटांत नेमकी तीच गैरहजर दिसते.

पूर्वपक्षाकडे इथे हुकमाचे पान आहे आणि ते मी लपवणार नाही. हा कॅप्टन कामाने पिचलेला नव्हता. काही दिवसांपूर्वीच तो दोनेक आठवड्यांच्या रजेवरून परतला होता. मग थकवा कसला? उत्तर असे की, थकवा म्हणजे कामाच्या तासांची बेरीज ही समजूतच चुकीची आहे. सूर्याच्या चक्राशी बांधलेले घड्याळ प्रत्येकाच्या शरीरात चालू असते, आणि साधारण रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात ते माणसाला झोपेकडे ओढते, त्याची रजा किती शिल्लक आहे हे न विचारता. ते विमान आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास मंगळूरहून दुबईला गेले आणि त्याच वैमानिकांनी ते रातोरात परत आणले. गेल्या आठवड्यातली झोप आजच्या पहाटे चारला उसनी घेता येत नाही. हुकमाचे पान पूर्वपक्षाच्याच अंगावर पडते: भरपूर विश्रांती घेतलेला, अनुभवी, जाणता वैमानिकही त्या वेळात कोसळतो. तर मग दोष त्याच्या शिस्तीत शोधायचा की त्या वेळापत्रकात?

आता कारकुनाची तुलना. ती मांडणाऱ्यांना एक साधा फरक दिसत नाही: वर्षाचे १,००० तास हे केवळ उड्डाणाचे तास आहेत. त्याआधीची तयारी, दोन उड्डाणांमधले ताटकळणे, हॉटेलपर्यंतचा प्रवास, हे सगळे त्याबाहेर. पण हा मुद्दा मी सोडून देतो, कारण याहून जड मुद्दा पुढे आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना एकदा जागे ठेवले, एकदा मद्य दिले, आणि दोन्ही वेळा तीच कामे करायला लावली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच ढिला पडला. २४ तास जागला, तर साधारण ०.१० टक्के.

या आकड्यांना आपल्या देशात ठेवून पाहा. भारतात मोटार चालवताना रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. वैमानिकाला तर उड्डाणाआधी श्वासचाचणी द्यावी लागते आणि तिथे मद्याचा अंशही चालत नाही. ही कडक व्यवस्था योग्यच आहे. आता सकाळी सातला उठलेल्या वैमानिकाची रात्रीची ड्यूटी घ्या. दुपारी झोप आली नाही, येत नाहीच. घरात पोरे असतात, रस्त्यावर भोंगे असतात, आणि शरीरही त्या वेळी झोपेला तयार नसते. रात्री बाराला तो १७ तास जागा आहे. पहाटे चारला २१ तास. कायद्याने मिळणारी विश्रांती त्याने पूर्ण घेतलेली आहे, कागद स्वच्छ आहे, श्वासचाचणीत शून्य. मद्याच्या मोजपट्टीवर हाच माणूस विमानात पाऊल ठेवू शकला नसता. झोपेसाठी ती मोजपट्टी नाही म्हणून तो दीडशे-दोनशे माणसे घेऊन उतरतो आहे. हा विरोधाभास पूर्वपक्षाने एकदा तरी सोडवून दाखवावा.

प्रयोगशाळेतले निष्कर्ष कॉकपिटला लागू होतात कशावरून, अशी हरकत निघेल. योग्य हरकत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनातले जेफ्री गुड यांनी १९७८ ते १९९९ या काळातले, मानवी घटक कारणीभूत ठरलेले अपघात तपासले. वैमानिकांच्या एकूण ड्यूटीपैकी दहा किंवा अधिक तासांनंतरची ड्यूटी फक्त १० टक्के होती. अपघातांत तिचा वाटा २० टक्के निघाला. तेरा तासांच्या पुढे ड्यूटी १ टक्का, अपघात ५ टक्के. नमुना लहान आहे, हे मान्य. पण दिशा एकच आहे, आणि तास वाढतील तशी ती अधिक तीव्र होते. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, १९७८ ते १९९० मधल्या ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही जास्त वेळ जागे असलेल्या चमूंनी जास्त चुका केल्या, आणि त्या चुकांची जात लक्षात घेण्याजोगी आहे: करायचे काम राहून जाणे, आणि चालू असलेला निर्णय चुकत असूनही न बदलणे. मंगळूर आठवते?

मग रोज विमाने का पडत नाहीत? या प्रश्नात ‘पडणे’ हेच एकमेव मोजमाप धरले आहे. सॅन फ्रान्सिस्को, ७ जुलै २०१७, मध्यरात्रीला चार मिनिटे कमी. टोरांटोहून आलेले एअर कॅनडाचे उड्डाण ७५९ उजव्या हाताच्या धावपट्टीवर उतरायचे होते. वैमानिकांनी तिच्या शेजारची टॅक्सीची वाटच धावपट्टी समजली. त्या वाटेवर इंधनाने भरलेली चार प्रवासी विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. एअर कॅनडाचे विमान पहिल्यावरून गेले, जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर येऊन दुसऱ्यावरून गेले, आणि मग वर चढले. पाच विमानांत मिळून हजाराहून अधिक माणसे होती. कॅप्टन १९ तासांहून अधिक वेळ जागा होता आणि त्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत आले होते. ही ड्यूटी कॅनडाच्या त्या वेळच्या नियमांत बसत होती. अशा कॅप्टनला अमेरिकेच्या नियमांनी ते उड्डाण करू दिले नसते.

त्या रात्री एकाही माणसाला खरचटले नाही. म्हणजे पूर्वपक्षाच्या वहीत ही घटना नाहीच. काही फूट खाली असते, तर विमान वाहतुकीच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण अपघातांत तिची गणना झाली असती. विमानप्रवास सुरक्षित आहे यात वाद नाही. पण तो सुरक्षित आहे तो अशा घटना आरडाओरड न होताही गंभीरपणे तपासल्या जातात म्हणून. त्या तपासातून निघालेला निष्कर्ष नाकारायचा आणि त्या तपासामुळे मिळालेली सुरक्षितता पुरावा म्हणून पुढे करायची, हे दोन्ही एकाच तोंडाने कसे करता येते?

ऑटोपायलटचा मुद्दा ऐकायला फार आधुनिक वाटतो. प्रत्यक्षात तो उलटा चालतो. काम करणाऱ्याला जागे राहणे सोपे असते. नुसते बघत बसणाऱ्याला अवघड. अंधाऱ्या कॉकपिटमध्ये, एकसुरी आवाजात, चार तास पडद्याकडे लक्ष ठेवण्याचे काम झोपेला आमंत्रण आहे. २५ जानेवारी २०२४ रोजी इंडोनेशियात केंडारीहून जकार्ताला निघालेल्या बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक सुमारे २८ मिनिटे एकाच वेळी झोपले होते. मागे १५३ प्रवासी. सहवैमानिकाच्या घरी एक महिन्याची जुळी होती. रात्री उठायला तो बायकोला हातभार लावत होता. (कोणत्या नियमपुस्तकात जुळ्यांचा रकाना असतो?) ऑटोपायलटने विमान इमानाने पुढे नेले. पुढे वळायचे आहे हे त्याला सांगणारे कोणी जागे नव्हते, म्हणून ते मार्ग सोडून गेले. जाग आली नसती, तर ऑटोपायलटने इंधन संपेपर्यंत तितक्याच इमानाने साथ दिली असती.

आणि ऑटोपायलट चालू असताना अर्धवट जागा झालेला माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण जानेवारी २०११ मधले आहे. टोरांटोहून झुरिकला निघालेल्या बोइंग ७६७ मध्ये, अटलांटिकवर रात्री, सहवैमानिकाने परवानगी असलेली डुलकी घेतली. चाळीस मिनिटांची मुभा होती, तो ७५ मिनिटे झोपला. जागा झाला तेव्हा समोर एक तेजस्वी ठिपका दिसला आणि ते आपल्यावर चालून येणारे विमान आहे असे त्याला वाटले. तो शुक्र होता. खरे विमान १,००० फूट खालून, सुरक्षित अंतरावरून येत होते; तेही दिसल्यावर त्याने टक्कर चुकवण्यासाठी विमानाचे नाक खाली दाबले. पट्टा न बांधलेले प्रवासी छताला आपटले. १६ जण जखमी झाले. ऑटोपायलट विमान सरळ उडवत होता. धोका निर्माण केला तो नुकत्याच उघडलेल्या डोळ्यांनी.

याचा अर्थ कॉकपिटमधली डुलकीच वाईट, असा कोणी घेऊ नये. नासाने पॅसिफिकवरच्या लांब उड्डाणांत प्रयोग केला होता: काही वैमानिकांना पाळीपाळीने ४० मिनिटे दिली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उतरताना स्पष्टपणे अधिक सावध होते. ज्यांना झोप दिली नाही, त्यांच्या मेंदूच्या नोंदींत शेवटच्या दीड तासात काही सेकंदांच्या झोपा वारंवार सापडल्या, आणि त्यांना स्वतःला त्यांचा पत्ता नव्हता. म्हणजे प्रश्न वैमानिक झोपला की नाही हा उरतच नाही. तो झोपणारच आहे. ठरवून, जोडीदाराला सांगून, उतरण्याच्या पुरेशा आधी झोपायचे, की नकळत, उतरता उतरता?

चौथा मुद्दा, जबाबदारीचा. हा पूर्वपक्षाचा सर्वांत आदरणीय मुद्दा आहे, आणि त्याचा सर्वोत्तम साक्षीदारही मीच सादर करतो. १४ ऑगस्ट २०१३, पहाटे पावणेपाच, अमेरिकेतले बर्मिंगहॅम. यूपीएसचे मालवाहू एअरबस धावपट्टीच्या अलीकडे टेकडीला धडकले, दोन्ही वैमानिक ठार. एनटीएसबीने सहवैमानिकेचा थकवा सहायक कारण मानला आणि असेही म्हटले की मिळालेला मोकळा वेळ तिने झोपेसाठी नीट वापरला नव्हता. पूर्वपक्षाला याहून काय हवे? हा दोष मी मान्य करतो. पण त्याच वाक्यात मंडळाने शरीराच्या घड्याळाचाही उल्लेख केला आहे, तो पूर्वपक्षाने वगळू नये. आणखी एक गोष्ट वगळू नये. त्या रात्री निघण्यापूर्वी हे दोघे कॉकपिटमध्ये बोलत होते ते विश्रांतीच्या नियमांविषयी. प्रवासी वैमानिकांसाठी अमेरिकेने नवे नियम आणले होते. खर्चाचा हिशेब मांडून मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळले होते. दोघांनाही ते अन्यायाचे वाटत होते. काही तासांनी दोघेही नव्हते.

जबाबदारी पार पाडायला आधी आपली अवस्था कळावी लागते. इथेच हा आदरणीय मुद्दा मोडतो. हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की दोन आठवडे रोज सहा तासच झोपणाऱ्या माणसांची कामगिरी एक रात्र अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीपर्यंत घसरते. त्याहून महत्त्वाचे हे की, त्यांना स्वतःला फारशी झोप येत असल्याचे जाणवत नव्हते. पहिले काही दिवस ती जाणीव वाढली, मग थांबली. घसरण चालूच राहिली. ज्या अवयवाने थकवा मोजायचा, तोच थकलेला. तराजू बिघडला असताना मापात फसवणूक केल्याचा आरोप दुकानदारावर ठेवण्यासारखे आहे हे.

याला जिवंत साक्षही आहे, आणि ती दुर्मीळ आहे, कारण त्या अपघातात वैमानिक वाचले. १८ ऑगस्ट १९९३ रोजी एक मालवाहू डीसी-८ क्यूबातल्या ग्वांतानामो बे इथल्या अमेरिकी तळावर उतरताना कोसळले. चमू अटलांटात कामावरून सुटण्याच्या बेतात असताना त्यांच्या गळ्यात ही जादा फेरी घातली गेली होती. ती बसवताना रिकामे विमान परत आणण्याचे उड्डाण मर्यादेच्या हिशेबात धरावे लागत नव्हते, म्हणून कागदावर सगळे ठीक होते. कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता. क्यूबाची हद्द ओलांडू नये म्हणून शेवटच्या वळणावर कुंपणापाशी एक लुकलुकणारा दिवा असे. तो त्या दिवशी बंद होता, आणि कॅप्टन तो दिवा शोधत राहिला. वेग कमी होतो आहे, असे शेजारचे सांगत होते. तो दिव्याविषयीच विचारत राहिला. नंतरच्या सुनावणीत त्याने आपली त्या वेळची अवस्था सांगितली: अंगात जडपणा, आणि कशाचेच काही न वाटणे. भीती नाही, घाई नाही. एनटीएसबीने थकवा हेच संभाव्य कारण म्हणून नोंदवले. मोठ्या विमानाच्या अपघातात असे पहिल्यांदाच घडले. वैमानिक मेले असते, तर वर्तमानपत्रातली ओळ काय असती, हे वाचकाला सांगायला नको.

माझ्या बाजूनेही अतिरेक होतो, तोही नोंदवतो. ७ ऑगस्ट २०२० चा कोळिकोडचा अपघात, ज्यात २१ माणसे गेली, काही जण थकव्याच्या खात्यात टाकतात. चौकशीने मुख्य कारण ठरवले ते ठरलेली कार्यपद्धती न पाळण्याचे, आणि पुरावा नसताना ते बदलण्याचा अधिकार मला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी एक तरुण वैमानिक दाराशीच कोसळला आणि गेला. त्याला आदल्या ड्यूटीनंतर २४ तासांहून जास्त विश्रांती मिळाली होती. त्याच्या मृत्यूवर फलक लावून मोर्चा काढणे योग्य नव्हे. थकव्याची बाजू पुराव्याने इतकी भक्कम आहे की तिला उसन्या प्रेतांची गरज नाही.

उरला पैशाचा मुद्दा, आणि डिसेंबर. ८ जानेवारी २०२४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे ड्यूटी-नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. थकव्याच्या तक्रारींचे काय केले, याचा तिमाही अहवाल कंपन्यांनी द्यायचा. १ जून २०२४ ही तारीख होती. कंपन्यांनी विरोध केला, ती टळली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. जाहीर झाल्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत बावीस महिने मिळाले.

नियम सगळ्या कंपन्यांना एकच होता. मग एकाच कंपनीचे वेळापत्रक का कोसळले? नियम हे कारण असते, तर परिणाम सर्वत्र दिसला असता. तर्कशास्त्राचा हा पहिला धडा आहे. नियोजनात आणि अंदाजात चूक झाली, हे महासंचालनालयाने त्याच वेळी नोंदवले. बावीस महिन्यांत पुरेसे वैमानिक न नेमणाऱ्या व्यवस्थापनाच्या चुकीला ‘वैमानिकांची झोप’ असे नाव देणे, ही वैमानिकाच्या माथी चूक मारण्याचीच नवी आवृत्ती होती. फरक इतकाच की या वेळी तो जिवंत होता.

पुढे काय झाले? गोंधळ निस्तरण्यासाठी कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली. ती कशातून मिळाली ते पाहण्यासारखे आहे. रात्रीच्या ड्यूटीच्या व्याख्येतून, आणि रात्रीच्या लँडिंगच्या मर्यादेतून. म्हणजे ज्या तासांविषयी मंगळूरचा अहवाल बोलतो, नेमक्या त्याच तासांतून. प्रवाशांचे हाल खरे होते आणि काही सवलत अटळ असेलही. पण ज्यांनी ती मागितली, त्यांनी सांगावे की पहाटे चारला सहाव्यांदा उतरणारा वैमानिक चुकला, तर अहवालाच्या शेवटच्या पानावर कारण म्हणून कोणाचे नाव लिहायचे. आणि थकव्याचे ते तिमाही अहवाल लोकांसमोर ठेवावेत: किती वैमानिकांनी ‘मी थकलो आहे’ असे कळवले, किती जणांचे मान्य झाले, आणि ज्यांचे झाले नाही त्यांना त्या रात्री कोणत्या उड्डाणावर पाठवले.